पट्टीचं तेवढं बघा की

"दोन घरचा पाव्हना उपाशी राहतोय, चेतना. आन् तुमी तर चार घरं हायसा."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. तिसरी झाली, गॅस बंद केला आणि हसले. त्यांना मी आत्या म्हणते. करकंबला राहतात, दीड-दोन महिन्यांनी एसटीनं चार दिवस येतात, येताना ज्वारीचं पीठ आणतात आणि सोबत दहा-बारा म्हणी. मी बी.एस्सी. झालेली, वर लॅबचा डिप्लोमा केलेली, दिवसाला पन्नास-साठ माणसांचं रक्त काढणारी बाई. म्हणी ऐकून मी कशाला थांबते? मी म्हटलं, "आत्या, पाहुणा नाही, मुलं सांभाळायला बाई ठेवतोय. आणि एकीला जड जातं ते चौघींना हलकं जातं."

"हलकं जातंय न्हवं? त्येच म्हनते मी," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

ही गोष्ट त्या बाईच्या पायाची आहे. मथुराबाईंच्या. आधी उजव्या आणि आता डाव्या. मी ती रागानं लिहितेय आणि राग कुणावर असं विचाराल तर आम्हा चौघींवर. स्वतःला वगळून मी एक ओळही लिहिणार नाही.

जुळे सोलापुरात आमची तीन मजली इमारत आहे. चार घरांत लहान मुलं. माझी संस्कृती अडीच वर्षांची. समोरच्या दारात श्रीदेवी वहिनी, त्या शाळेत शिकवतात. वरच्या मजल्यावर बँकेतली अक्षता आणि तिच्या शेजारी पिंकी, जिचं स्वतःचं पार्लर आहे. चौघी नोकरी-धंद्याच्या, चौघींच्या सासवा गावाकडं. पाळणाघरात मुलं कशी ठेवतात ते मी दोन ठिकाणी जाऊन पाहिलं होतं. एका ठिकाणी पाण्याच्या भांड्यावर झाकण नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी खिडकीला गज नव्हते. मी अशा गोष्टी बघते. संस्कृती झोपली की अजूनही तिच्या नाकापुढं बोट धरून श्वास तपासते. माझा नवरा युवराज म्हणतो, तुला बाळ झालं नाही, वॉचमनची नोकरी लागलीय.

तर मथुराबाई. साठी ओलांडलेली, मूळ मोडनिंबची बाई. नवरा गेल्यावर सोलापुरात आल्या, वीस वर्षं विड्या वळल्या, नजर कमी झाली तसं ते काम सुटलं. मजरेवाडीत एका खोलीत एकट्या राहायच्या. ठरलं असं की चारही मुलं एका घरी ठेवायची, दर आठवड्याला घर बदलायचं आणि मथुराबाईंनी नऊ ते सहा त्यांच्यापाशी बसायचं.

पैशांना काय म्हणायचं, यावर श्रीदेवी वहिनींच्या हॉलमध्ये आमची बैठक झाली. खरंच झाली. शेंगापोळ्या होत्या.

"पगार म्हणायचं नाही हं," वहिनी म्हणाल्या. "पगार म्हटलं की बाई विचारतीय, दिवाळीला काय देणार? सुट्ट्या किती? आजारी पडले तर कोण बघायचं?"

"मग मानधन म्हणू," अक्षता म्हणाली.

"अगं, त्या काय कीर्तनाला येणारेत का!" पिंकी म्हणाली आणि आम्ही सगळ्या हसलो.

मी म्हटलं, "वर्गणी?"

"वर्गणी म्हणजे पावतीपुस्तक आलं," वहिनी म्हणाल्या. "पट्टी म्हणूया. गल्लीत काढतात तशी. सगळ्यांनी मिळून टाकायची, विषय संपला. कुणा एकीवर येत नाही बघा."

कुणा एकीवर येत नाही. मला ते वाक्य तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. आत्यांच्या गावात सावड असते. आज तुम्ही माझ्या रानात राबा, उद्या मी तुमच्या. सावडीत ज्याचं रान असतं त्याचं नाव असतं आणि त्याच्या घरची भाकरी असते. पट्टीत कुणाचं नाव नसतं. पट्टी देऊन टाकली की माणूस मोकळा. आम्हाला मोकळंच राहायचं होतं, आणि त्यासाठी नेमका शब्द आम्हाला पोळी खाता खाता सापडला. फोनवर ग्रुप काढला, नाव दिलं 'मथुरा पट्टी'. त्यात आम्ही चौघी. मथुराबाई नव्हत्या. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता.

त्यांना सांगितलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "पट्टी? मी काय पडकं देऊळ हाय व्हय, माझा जीर्नोद्धार करायलाय?"

अशाच होत्या त्या. पुढच्या आठवड्यात जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "ताई, चार घरची सून झाले बघा मी. सासवा चार, नवरा एक बी न्हाय. लई बेस झालं." मुलांना साहेब म्हणायच्या. "संस्कृतीसायेब, दूध पिता का फाईल पाठवू वरती?" आणि माझी पोर, जी माझ्याकडून अर्धी वाटी दूध प्यायला पाऊण तास लावते, ती घटाघटा प्यायची.

तरी मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. माझा आठवडा असला की लॅबमध्ये दोन पेशंटच्या मधे फोन काढून बघायचे. हात धुतात का, पोरीला रागावतात का, फोनवर बोलत बसतात का. सगळं नीट असायचं. मी त्यांचे हात इतके बघितलेत की मनगटावरचं गोंदण मला आजही काढून दाखवता येईल. त्या लंगडत होत्या का, टाचांना भेगा होत्या का, ते मला सांगता येणार नाही. तिकडं मी बघितलंच नाही.

दोनदा मला कळायला हवं होतं.

एकदा अक्षताचा आठवडा असताना मी दुपारी लवकर आले, मुलीला घ्यायला वर गेले. मथुराबाई भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड सुकलेलं. "जेवलात का?" विचारलं तर म्हणाल्या, "जेवते की आता." तीन वाजले होते. डबा जिच्या घरी मुलं तिनं द्यायचा असं ठरलं होतं. अक्षताला वाटलं, काल श्रीदेवी वहिनींकडं पुरण होतं, त्या आजही देणार. वहिनींना वाटलं, आठवडा अक्षताचा. मथुराबाईंनी मुलांची उरलेली खिचडी खाल्ली होती, चार घास. मी त्यांना भाकरी आणि शेंगाचटणी दिली आणि ग्रुपवर लिहिलं, "डब्याचं कुणीतरी लक्षात ठेवा." तिघींनी हात जोडल्याची चित्रं टाकली.

दुसऱ्यांदा मी स्वतः त्यांची साखर तपासली. लॅबचं यंत्र घरी होतं, सहज बोट टोचलं. दोनशे ऐंशीच्या वर. मी रोज असे आकडे बघते, या आकड्याचं पुढं काय होतं ते मला पाठ आहे. मी त्यांना गोडाचा चहा बंद करायला सांगितला आणि ग्रुपवर लिहिलं, "मथुराबाईंना शुगर आहे. कुणीतरी डॉक्टरकडे घेऊन जायला हवं." पुन्हा हात जोडल्याची चित्रं. 'कुणीतरी' हा शब्द माझाच. दोन्ही वेळा माझाच.

मग झाकण पडलं.

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि कधी येईल ते पाण्यालाच माहीत. खालच्या हौदाचं लोखंडी झाकण उचलून पातळी बघायची, मग मोटर चालू करायची, हे काम वॉचमनचं. तो सोडून गेला होता. नवा ठेवायचा की नाही यावर सोसायटीची चर्चा चालू होती. तोवर काय? तर मथुराबाई आहेत ना दिवसभर. हे कुणी ठरवलं, कुणालाच आठवत नाही. त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पाणी आलं. मथुराबाईंनी मुलांना पिंकीच्या हॉलमध्ये कोंडलं, खाली गेल्या, झाकण उचललं. ते हातातून निसटून उजव्या पायावर पडलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं चेचली. तशाच जिना चढून वर आल्या, कारण मुलं कोंडलेली होती. प्रत्येक पायरीवर रक्त होतं. संध्याकाळी मी ते पुसलं, म्हणून मला माहीत आहे.

हौद कुणाच्याही घरातला नव्हता, हे लक्षात घ्या. घरात पडल्या असत्या तर त्या घरावर आलं असतं.

श्रीदेवी वहिनी शाळेतून आल्या आणि त्यांना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या, हे खोटं बोलणार नाही. इंजेक्शन झालं, टाके झाले. डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, दिवसाआड ड्रेसिंग बदला, जखम ओली राहू देऊ नका. आम्ही मथुराबाईंना रिक्षानं मजरेवाडीला पोचवलं आणि बजावलं, "तुम्ही आता हलायचं नाही. ड्रेसिंगला आम्ही येतो." ग्रुपवर पाळ्या लागल्या. बुधवारी वहिनी, शुक्रवारी मी, रविवारी अक्षता, मंगळवारी पिंकी.

बुधवारी वहिनी गेल्या.

शुक्रवारी सकाळी संस्कृतीला ताप भरला. मी अक्षताला लिहिलं, "संस्कृतीला ताप आहे." खाली वेगळा निरोप टाकला, "आजचं ड्रेसिंग तू करशील का? तुझं रविवारचं मी करते." तिनं अंगठा दाखवला. मी निश्चिंत झाले. तो अंगठा पहिल्या ओळीला होता. तापाची बातमी वाचली, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी ओळ तिनं बघितलीच नाही, असं ती म्हणते. मी ते चित्र शंभर वेळा उघडून पाहिलंय. ती खरं बोलतेय. पण एक फोन? एक फोन करायला मला काय झालं होतं?

रविवारी जायची पाळी माझी. मी तयारीही केली होती, कापूस, औषध, चिकटपट्टी सगळं पिशवीत भरलं होतं. दहाच्या सुमाराला ग्रुपवर श्रीदेवी वहिनींचा निरोप आला. शब्द जसेच्या तसे देते.

"मथुराबाईंचा फोन आलता. पट्टीचं तेवढं बघा की म्हणायलेत. चार दिवस झाले म्हणे."

अक्षतानं लिहिलं, "१ तारखेला दिली की! आज ९ आहे."

पिंकीनं लिहिलं, "काम नाही आणि पट्टी पाहिजे," आणि पुढं घाम पुसत हसणारं तोंड टाकलं.

मी लिहिलं, "सध्या थांबूया. एकदा दिली की सवय लागते."

चौथं वाक्य माझं आहे. ते मी मुलीच्या कपाळावर ओली घडी ठेवता ठेवता, डाव्या हातानं लिहिलं. आणि मग मी मजरेवाडीला गेले नाही. मला वाटलं, त्या पैसे मागतायत, दारात गेले तर तोंडावर मागतील आणि मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून पिशवी दाराच्या खिळ्याला टांगून ठेवली. आणि शुक्रवारचं अक्षतानं केलंच आहे, एक दिवस इकडंतिकडं झाला तर काय होतंय.

मंगळवारी लॅबमध्ये एक म्हातारे गृहस्थ आले. बार्शीकडचे असावेत. पायाला गुंडाळलेलं फडकं ओलं झालं होतं. बोट टोचून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, हितं पट्टी कुटं बदलून मिळंल का? दोन दिस झालं, बदललीच न्हाय."

मी म्हटलं, "ड्रेसिंग होय? पलीकडच्या..."

आम्ही ड्रेसिंग म्हणतो. आम्ही चौघी शिकलेल्या ना. पट्टी या शब्दाला आम्ही पैशांच्या कामावर लावलं होतं आणि त्याला दुसरा अर्थ असतो हेच विसरलो होतो. ती बाई पायाची पट्टी म्हणत होती. चार दिवस झाले, पायाची पट्टी बदललेली नाही, तेवढं बघा की. तिनं एवढंच मागितलं होतं, आणि तेसुद्धा आम्ही देऊ केलेलं.

सुई तशीच ट्रेमध्ये टाकून, साखरेचं यंत्र पिशवीत घालून मी रिक्षा केली.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. वास दारातच आला. हा वास मी ओळखते. रोजच्या कामात कधीतरी येतो, तेव्हा आम्ही खिडकी उघडतो. मथुराबाई खाटेवर बसल्या होत्या, पाय पाटावर ठेवून. जुनी पट्टी सुटली होती, त्यावर त्यांनी चिंधी गुंडाळली होती. पिवळ्या फुलांची. संस्कृतीचा जुना फ्रॉक, मीच दिला होता फडक्याला.

"आलात व्हय ताई? बसा की. पोर कशी हाय? ताप हाय म्हनल्या वहिनी."

मी खाली बसले, चिंधी सोडली. बोटं काळी होती. काळेपणा पायाच्या पंजावर चढला होता.

"मथुराबाई, फोन का नाही केलात?" हे मी विचारलं. ऐका, हे मी त्यांनाच विचारलं.

"केलता की. वहिनीस्नी केलता. पट्टीचं बघा म्हनलं." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांनीच मला समजावलं, "कामात असतील म्हनलं समद्या. चौघी हायत, कुनी ना कुनी येईलच की."

यंत्रानं चारशे बत्तीस दाखवलं.

सरकारी दवाखान्यात आधी दोन बोटं काढली. तीन दिवसांनी अर्धा पंजा काढावा लागेल म्हणाले, तोही काढला. डॉक्टरांनी, सिस्टरनी जे करायचं ते सगळं वेळेवर केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. उशीर त्यांच्या दाराशी पोचायच्या आधीच झाला होता. पहिल्या ऑपरेशनच्या आधी सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. आम्ही चौघी बाकावर बसलो होतो, युवराज माझ्या शेजारी उभा होता.

"पेशंटचं कोण?"

"आम्ही," वहिनी म्हणाल्या.

"आम्ही म्हणजे कोण? नातं सांगा, सही लागणार."

"आमच्याकडं कामाला आहेत."

"कुणाकडं? एक नाव सांगा."

मी अक्षताकडं बघितलं. अक्षतानं पिंकीकडं. पिंकी पर्सची चेन उघडझाप करत होती. मी उठायला गेले आणि युवराजनं माझं कोपर दाबलं. हळूच म्हणाला, "नाव लिहिलंस की तुझ्यावर येणार. उद्या केस झाली तर? संस्कृतीचा विचार कर." आणि मी संस्कृतीचा विचार केला. मी बसले. नवऱ्यानं बसवलं असं म्हणायची सोय आहे, पण गुडघे माझे होते, मीच वाकवले.

सिस्टर म्हणाली, "चौघी आहात आणि एक नाव नाही?"

सही शेवटी रामहरीनं केली. मथुराबाईंच्या दिराचा मुलगा, मोडनिंबला टेम्पो चालवतो. मी त्याला फोन लावला होता, तो तासा-दीड तासात आला. कागदावर सही केली, पेन सिस्टरला परत दिलं आणि आमच्यापुढं उभा राहिला.

"माझी चुलती हाय ती. चार मालकिनी आन् सहीला पुतन्या व्हय? लई झ्याक हाय तुमचं शहर."

तो आत गेल्यावर श्रीदेवी वहिनी म्हणाल्या, "हे बघा, आता रडून काय उपयोग नाही. दवाखान्यासाठी आपण वेगळी पट्टी काढूया. प्रत्येकीनं किती टाकायची तेवढं बोला."

माझा आवाज त्या लांबच लांब व्हरांड्यात कुठपर्यंत गेला ते मला माहीत नाही. लोक वळून बघायला लागले होते. "वहिनी, पुन्हा तो शब्द काढलात तर इथंच..."

"इथंच काय गं?" त्या उभ्या राहिल्या. "आता साळसूद झालीस होय? 'सवय लागते' कुणी लिहिलं? मी लिहिलं? स्क्रीनशॉट आहे माझ्याकडं. मी तर बुधवारी जाऊन आले! चौघींत मी एकटी गेले!"

"गेलात. आणि फोन तुम्हाला आला होता. 'बाई, कसली पट्टी?' एवढं विचारता आलं नाही?"

"अय्यो, मला स्वप्न पडलंय का! आपण पट्टी म्हणजे पट्टीच म्हणतो की!"

अक्षता म्हणत होती, "मी अंगठा तापाला दिला होता, देवाशपथ तापाला," आणि पिंकी रडत होती, मला रक्त बघवत नाही, मंगळवार माझा आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं. एक खरं सांगू? त्या क्षणी चौघींची ती भांडणं ऐकताना मला जाणवलं की आम्ही प्रत्येकजणी आपापल्या वाट्यापुरतं खरं बोलतोय. कुणीच लबाड नव्हतं. म्हणून तर मला इतका राग येतो. एखादी तरी लबाड असती तर तिचं तोंड पुन्हा बघितलं नसतं आणि मी सुटले असते.

रामहरी मथुराबाईंना घेऊन गेला, सोळाव्या दिवशी. टेम्पोत गादी टाकली होती. मी पाय धरून वर चढवायला पुढं झाले तर म्हणाला, "राहू द्या. आमी बघतो."

मथुराबाई गादीवरून म्हणाल्या, "सायेबांना माझा नमस्कार सांगा." संस्कृतीला. माझ्याशी एवढंच बोलल्या. रागावल्या होत्या की थकल्या होत्या, ते मला तेव्हाही ओळखता आलं नाही, आजही येत नाही.

त्यानंतर श्रीदेवी वहिनींनी ग्रुप बंद केला. तिघींनी मिळून नवी बाई ठेवलीय, मला विचारलं नाही, मीही गेले नसते. माझ्याकडं आत्या येऊन राहिल्यात. पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेतलं, तेव्हापासून त्या विषयावर एक शब्द नाही. मी त्यांना म्हटलं, "आत्या, बोला काहीतरी. मी सांगितलं होतं म्हणा." त्या म्हणाल्या, "काय म्हनू? जा, बगून ये तिला."

गेले. दोनदा गेले.

पहिल्यांदा युवराजबरोबर. बाजारापासून जरा आत घर आहे, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये टेम्पो. रामहरी म्हणाला, "झोपल्यात." आम्ही अर्धा तास बसलो, पाणी प्यायलो, निघालो. दुसऱ्यांदा मी एकटी गेले. साखर तपासायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, मलम, आतून मऊ असलेल्या दोन चपला, सगळं घेऊन.

"कोन म्हनून बगनार तुमी?" रामहरी दारातच म्हणाला.

"माझ्या मुलीला सांभाळलंय त्यांनी."

"मग मुलीला पाठवा."

"साखर बघितली का हल्ली? गोळ्या चालू आहेत का?"

"हायत. बरी हाय ती."

"दुसरा पाय कसा आहे? डावा?"

"डाव्याला काय झालंय?" तो म्हणाला आणि मला त्याचा रागही आला नाही, भीती वाटली. आतून खोकला ऐकू आला. मी हाक मारली, "मथुराबाई!" खोकला थांबला. रामहरीनं पिशवी माझ्या हातात परत दिली, अगदी नीट, तिचे बंद जुळवून. त्याचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्याच्या जागी मी असते तर दारातसुद्धा उभं केलं नसतं.

परत येताना स्टँडजवळच्या औषधाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "रामहरीकडचं न्हाय बा कोन आलं." दुकानं तीन-चार आहेत तिथं, दुसरीकडून घेत असतील. असतीलही. तेव्हापासून मी रामहरीला फोन लावते तर लागत नाही, मथुराबाईंचा बंद आहे.

ज्यांचा एक पाय असा जातो त्यांचा सगळा भार दुसऱ्यावर येतो. साखर तशीच राहिली तर तो पायही वर्ष-दीड वर्षात त्याच वाटेनं जातो. मी रोज असे लोक बघते. आधी एका चपलेत येतात, मग कुणाच्या तरी खांद्यावर येतात. सुरुवात एवढ्याशा गोष्टीनं होते, बोटांच्या मधली भेग, टाचेवरचा फोड. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कुणीतरी वाकून बघावं लागतं.

मला त्या दारात घेणार नाहीत. म्हणून हे लिहिलं.

तुम्ही मोडनिंबचे असाल किंवा तिकडून जाणार असाल, तर बाजाराच्या मागं रामहरी टेम्पोवाल्याचं घर विचारा. माझं नाव घेऊ नका. मथुराबाई तुम्हाला चहा देतील, काहीतरी विनोद करतील, तुम्ही हसाल आणि उठायला लागाल. उठू नका. त्यांना डाव्या पायावरचं पांघरूण बाजूला करायला सांगा, लाजतील, तरी सांगा. बोटांच्या चारही फटी बघा, टाच वर उचलून खालून बघा. काळं दिसलं, ओलं दिसलं, तर कुणाला कळवत बसू नका, मलाही नाही, त्यांना तशाच गाडीत घालून दवाखान्यात न्या. आणि हे वाचणारं दुसरं कुणी गेलं असेल असं समजू नका. तुम्ही जा. याच आठवड्यात जा.